उंदीर पिंजऱ्यात सापडला, त्यानंतर काय?

पारोळा तालुक्यातील एका भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात: "आमचे घर जुने, धाब्याचे आहे. भाव वाढेल या आशेने यंदाचा कापूस अजून पुढच्या खोलीतच भरून ठेवला आहे आणि त्यात उंदीर झाले आहेत. घरात लहान मूल आणि मांजर असल्यामुळे मी विषाला नकार दिला आणि जिवंत पकडणारा तारेचा पिंजरा आणवला. पहिला उंदीर सकाळी सापडला. शेतातून आल्यावर सोडू म्हणून पिंजरा ओट्यावर ठेवला, तर दुपारी तो मरून पडलेला. नंतर एका रात्री चिचुंद्री सापडली, तीही सकाळपर्यंत मेलेली होती. दिरांनी गोठ्यात घुशीसाठी मोठा पिंजरा लावला, त्यात भरदिवसा मुंगूस अडकले. ते सोडून दिले, पण त्याचे नाक रक्ताळले होते. सासूबाई म्हणतात, एवढे हाल करण्यापेक्षा बादलीत बुडवलेले काय वाईट? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंदा मुलांना घेऊन येतील. हा पिंजरा मुलांना आणि त्या जिवांनाही सुरक्षित आहे का, आणि पकडलेले उंदीर सोडायचे तरी कुठे?"

ताई, विषाला नकार देण्याचा तुमचा निर्णय योग्यच होता, हे आधी सांगतो. विष खाल्लेला उंदीर मांजराने किंवा गव्हाणी घुबडाने खाल्ला, तर ते विष त्यांच्याही पोटात जाऊ शकते, आणि रांगत्या मुलाच्या घरात विषाची वडी कोपऱ्यात ठेवणे कोणत्याही कारणाने पटण्यासारखे नाही. मात्र पिंजऱ्याबद्दल आपल्याकडे एक समजूत रूढ झाली आहे की, तो उंदराला मारत नाही, म्हणून तो आपोआप दयेचा ठरतो. तुमच्या पत्रातील तिन्ही घटना पाहिल्या, तर प्राण्यांचे हाल झाले ते पिंजऱ्यात गेलेल्या वेळामुळे. पिंजरा प्राण्याला जिवंत पकडतो. त्यानंतर तो जिवंत राहील की नाही, हे पिंजरा लावणारे घर त्याकडे किती लवकर पाहते यावर ठरते.

ओट्यावरचा उंदीर उन्हाने आणि तहानेने गेला असावा. चैत्र-वैशाखात जळगाव, भुसावळ, पारोळा या पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, आणि अशा दिवशी सावलीतसुद्धा पत्रा हाताला चटका देतो. उंदराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. शेपटीतून उष्णता बाहेर टाकणे आणि अंगाला लाळ चोपडून ते गार करणे, एवढेच उपाय त्याच्याकडे असतात. मोकळा असताना तो बिळात किंवा कापसाच्या ढिगाच्या तळाशी जाऊन ऊन टाळतो. पिंजऱ्यात ती वाट बंद होते, शिवाय घाबरून तो सारखी धडपड करतो आणि त्या धडपडीने अंग आणखी तापते. थंडीतही हीच गोष्ट उलट बाजूने घडते. पौषात धुळे-साक्रीकडे पारा एक आकडी होतो, तेव्हा उघड्या तारेच्या पिंजऱ्यात रात्रभर अडकलेला लहान उंदीर गारठून मरू शकतो.

म्हणून पिंजरा लावायची वेळ सांगतो. तो दिवेलागणीनंतर लावावा, झोपण्यापूर्वी एकदा पाहावा, पहाटे उठल्याबरोबर पुन्हा पाहावा आणि दिवसभर त्याचे दार बंद करून ठेवावे. उंदीर आणि घूस मुख्यतः रात्री फिरतात, त्यामुळे दिवसा पिंजरा बंद ठेवल्याने फारसे काही बिघडत नाही. ज्या दिवशी लग्नाला किंवा सुरतेला जायचे असेल, त्या दिवशी तो लावूच नये. तो भिंतीला लागून ठेवावा, कारण उंदीर मिशा भिंतीला घासत कडेकडेनेच चालतो. त्याचा अर्धा भाग पोत्याच्या तुकड्याने झाकावा, म्हणजे आत शिरलेल्या जिवाला अंधाराचा आडोसा मिळेल. आत मूठभर कापूस किंवा कोरडे गवत ठेवावे. आमिष म्हणून भाजलेले शेंगदाणे आणि तेल लावलेला भाकरीचा तुकडा पुरतो, पण त्यासोबत काकडीची किंवा बटाट्याची एक जाड फोड अवश्य ठेवावी. वाटीतले पाणी सांडते आणि अंग भिजवते. फोडीतून मात्र रात्रभराचा ओलावा मिळतो. प्राण्यांचा अभ्यास करणारे संशोधक उंदीर पकडतात, तेव्हा तेही पिंजऱ्यात ऊब आणि अन्न ठेवतात.

आणखी एक युक्ती उपयोगाची आहे. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिल्या तीन-चार रात्री पिंजऱ्याचे दार तारेने उघडेच बांधून ठेवा आणि आत रोज आमिष टाका. त्याची भीड चेपली की मग दार मोकळे करा. अशाने थोड्याच रात्रींत बहुतेक उंदीर सापडतात, आणि ज्या रात्री पिंजऱ्यावर लक्ष ठेवणे शक्य नाही अशा रात्री तो लावण्याची गरज उरत नाही. एकाच पिंजऱ्यात दोन-तीन उंदीर सापडू लागले तर ते लगेच वेगळे करावेत, कारण अनोळखी उंदीर कोंडले गेले की एकमेकांना फाडतात. पिंजऱ्याची झडप खाली येताना शेपूट चिरडते का, हे एखादी काडी मध्ये धरून तपासा. कडा धारदार असतील तर कानशीने घासून घ्या.

चिचुंद्रीविषयी मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण आपल्या घरांमध्ये या प्राण्यावर सर्वांत जास्त अन्याय होतो. चिचुंद्री हा उंदीर नव्हे. लांब, सतत हलणारे सोंडेसारखे नाक, बारीक डोळे, भिंतीच्या कडेने चुकचुक करत जाणे आणि अंगाचा उग्र वास, ही तिची ओळख. ती झुरळे, रातकिडे आणि इतर किडे खाते. तुमच्या कापसाशी किंवा दादर ज्वारीच्या पोत्यांशी तिचे फारसे देणेघेणे नसते. पिल्ले फिरायला लागली की पहिले पिल्लू आईच्या शेपटीकडचा भाग तोंडात धरते, दुसरे पहिल्याचा, तिसरे दुसऱ्याचा, आणि अशी सगळी रांग आईमागून भिंतीकडेने पळत जाते. हे दृश्य रात्री विजेरीच्या उजेडात पाहिलेल्याला पुन्हा चिचुंद्रीवर झाडू उगारावासा वाटणार नाही. या प्राण्याचे शरीर अन्न फार झपाट्याने जाळते, त्यामुळे काही तास पोटात काही गेले नाही तरी ते मरणाला टेकते. तुमच्या पिंजऱ्यात आमिषाची भाकरी असली, तरी ती तिच्या उपयोगाची नव्हती, आणि सकाळ होईपर्यंत वेळ निघून गेली. म्हणून झोपण्यापूर्वीची ती एक फेरी चुकवू नका. चिचुंद्री दिसली तर पिंजरा तिथेच भिंतीशी टेकवून दार उघडा आणि बाजूला व्हा. तिला दूर नेऊन सोडण्याचे काहीच कारण नाही.

आता दिरांच्या पिंजऱ्याकडे येतो. घूस रात्री बाहेर पडते आणि मुंगूस दिवसा फिरते. गोठ्यातला पिंजरा दिवसा उघडा राहिला, एवढ्यानेच हा प्रसंग घडला. तो पहाटे बंद केला तर मुंगूस, खार आणि घोरपड हे दिवसा फिरणारे प्राणी त्यात सापडणारच नाहीत. त्यात बोंबील किंवा मटणाचा तुकडा लावला जात असेल, तर तोही बंद करावा. मांसाच्या वासाने मुंगूस येते, मांजर येते, रात्री उदमांजरही येऊ शकते. घुशीला सरकीची ढेप आणि शेंगदाणे पुरेसे आहेत. नाक रक्ताळण्याचे कारण म्हणजे सुटण्यासाठी तारेवर सतत तोंड घासणे. अशा धडपडीत दातही तुटतात, आणि दात तुटलेला शिकारी प्राणी सोडल्यानंतर उपाशी मरू शकतो. मोठ्या पिंजऱ्याची जाळी जितकी बारीक आणि गुळगुळीत, तितकी ही इजा कमी.

कायद्याची बाजूही दिरांना समजावून सांगा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याने मुंगूस, घोरपड आणि उदमांजर यांना संरक्षण दिले आहे, आणि या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत केवळ मारणे येत नाही, तर पकडणे, सापळा लावणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. चुकून अडकलेले मुंगूस दिरांनी लगेच सोडले, हे बरोबर केले. पण त्या गोठ्यात मुंगूस येते हे कळल्यानंतरही पिंजरा दिवसा तसाच उघडा ठेवला, तर "चुकून" हा शब्द पुढे कामाला येणार नाही. अडकलेला वन्य प्राणी जखमी असेल आणि चालू शकत नसेल, तर घरी उपचार करत बसू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि मदत येईपर्यंत पिंजरा पोत्याने झाकून सावलीत, माणसांच्या आणि कुत्र्यांच्या वर्दळीपासून दूर ठेवावा. एक गोष्ट ध्यानात असू द्या की मुंगूस आणि घूस हे एकमेकांचे वैरी आहेत. ज्या गोठ्यात मुंगसाचा फेरा आहे, तिथे तुमचे अर्धे काम ते फुकट करत असते.

तुमच्या पत्रात नसलेला एक धोकाही सांगायला हवा. पिंजऱ्यातला उंदीर सापाला वासाने बोलावतो. नाग किंवा धामण जाळीतून आत शिरते, उंदीर गिळते आणि फुगलेल्या पोटामुळे तिला परत बाहेर पडता येत नाही. त्यामुळे पहाटेच्या अंधारात पिंजऱ्याला हात घालण्यापूर्वी विजेरीचा उजेड टाकून आत आणि भोवती नीट पाहा, आणि उचलायचा तो वरच्या कडीला लांब आकडा लावूनच. साप दिसल्यास पिंजऱ्याला हात लावू नये. गावातील जाणत्या सर्पमित्राला किंवा वन विभागाला बोलवावे.

आखाजीला मुले येणार आहेत, तेव्हा त्यांच्यासाठीचा नियम अगदी सोपा ठेवा: पिंजऱ्याला मोठ्या माणसाखेरीज कोणी हात लावायचा नाही. मुलांना पिंजऱ्यातला उंदीर पाहण्याची हौस असते, आणि बोट जाळीतून आत गेले की चावा ठरलेला. उंदीर चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने बराच वेळ धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वाताच्या लसीची गरज ते ठरवतील. उंदराच्या चाव्याने रेबीज होणे क्वचितच घडते, पण मुंगूस किंवा दुसरा वन्य प्राणी चावला तर रेबीजची लस टाळता येत नाही आणि तिथे एक दिवसाचाही उशीर करू नये.

चाव्याइतकाच धोका लघवीचा आणि पिसवांचा असतो. लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू उंदराच्या लघवीतून बाहेर पडतात आणि हातापायांवरच्या बारीक चिरांमधून माणसाच्या अंगात शिरतात. म्हणून पिंजरा हाताळताना रबरी हातमोजे घालावेत. रिकामा झाल्यावर त्यावर एक भाग द्रव ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण शिंपडून पाच-दहा मिनिटे ठेवावे, मग धुऊन उन्हात वाळवावा. हे काम स्वयंपाकघराच्या मोरीत करू नये. कापसाच्या खोलीतील लेंड्या कोरड्या झाडल्या तर धूळ नाकात जाते, म्हणून त्या आधी याच मिश्रणाने ओल्या कराव्यात आणि मग पुसून घ्याव्यात. मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा थंड पडलेले शरीर सोडून दुसरे ऊबदार अंग शोधतात. तो सापडताच हातमोजे घालून पिशवीत घट्ट बांधावा आणि खोल पुरावा. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हा तापी काठच्या रेल्वेने घाईघाईने गावी परतलेली माणसे खान्देशातील कित्येक घरांना आजही आठवतात. तेव्हापासून वैद्यकात पुष्कळ बदल झाला आहे आणि प्लेगवर वेळेत दिलेली औषधे गुणकारी ठरतात, तरीही गावात कारण नसताना एकाएकी बरेच उंदीर मरून पडू लागले, तर प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवणे हे प्रत्येकाचे काम आहे.

आता तुमचा सर्वांत अवघड प्रश्न, सोडायचे कुठे हा. बरेच जण दुचाकीवर पिंजरा घेऊन शिवाराबाहेर जातात आणि नाल्यापलीकडे उंदीर सोडून निर्धास्त परततात. मला हे मान्य नाही. पहिले कारण असे की ते शिवार दुसऱ्या कोणाचे तरी असते. त्याच्या हरभऱ्यात आणि भुईमुगात आपला उंदीर सोडणे म्हणजे आपले नुकसान शेजाऱ्याच्या खात्यावर टाकणे होय. दुसरे कारण उंदराच्या बाजूचे आहे. घरात वाढलेल्या उंदराला परक्या रानात बीळ माहीत नसते, पाणी माहीत नसते आणि तिथले उंदीर त्याला टिकू देत नाहीत. असा उंदीर बहुधा लवकरच मरतो, फक्त आपल्या डोळ्यांआड. आणि थोड्याच अंतरावर सोडला, तर वाट काढत तो परत घरी येतो. यावल किंवा अनेर धरणाच्या अभयारण्यात नेऊन सोडणे तर सर्वस्वी चूक आहे, कारण गावातील उंदरांचे रोग तिथल्या रानजीवांपर्यंत नेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

माझा सल्ला असा की, सापडलेला उंदीर त्याच संध्याकाळी तुमच्याच आवारात, घराबाहेर, गवताचा किंवा दगडांचा आडोसा असेल अशा जागी सोडावा. दिवसभर वाट पाहायची असेल तर पिंजरा घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, झाकून आणि काकडीची नवी फोड टाकून ठेवावा. मादीच्या पोटावरचे सड सुजलेले आणि त्यांच्या भोवतीचे केस गेलेले दिसले, तर मागे कापसात पिल्ले आहेत असे समजावे आणि तिला तिथेच लगेच मोकळे करावे. पिल्ले फिरती होईपर्यंत त्या कोपऱ्यात पिंजरा लावू नये. यावर तुम्ही लगेच विचाराल की, आवारात सोडलेला उंदीर पुन्हा घरात येणार नाही का? भोके उघडी असतील तर नक्की येईल, आणि रानात सोडला तरी त्याच्या जागी दुसरा येईल. त्यामुळे खरे काम भोकांचे आहे आणि पिंजरा हा त्या कामाचा फक्त शेवटचा टप्पा आहे.

धाब्याच्या घरात भिंत आणि माळवद जिथे मिळतात तिथून आणि मोरीच्या भोकातून उंदीर येतात. लहान उंदराला करंगळीएवढी फटही पुरते. मोरीला पाव इंची लोखंडी जाळी बसवा, दाराखाली पत्र्याची पट्टी ठोका, भिंतीतल्या भोकांत तारेची घासणी कोंबून त्यावर सिमेंट लिंपा. नुसती माती लिंपली तर ती एका रात्रीत उकरली जाते. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग घराच्या भिंतीला लागून असेल, तर तो आधी तिथून हलवा, कारण उंदरांचे खरे गाव तेच असते. सरकी आणि ढेप झाकणाच्या पिंपात ठेवा, धान्य कणगीतून पत्र्याच्या कोठीत घ्या, पोती भिंतीपासून हातभर दूर लाकडी फळ्यांवर रचा. आणि ताई, कापसाचा निर्णय मी तुमच्यावर लादणार नाही, भावाची काळजी काय असते हे खान्देशात कोणाला सांगावे लागत नाही. पण जोपर्यंत तो ढीग राहत्या खोलीत आहे तोपर्यंत उंदरांना त्याहून मऊ घर कुठेच मिळणार नाही. विकायचा नसेल तर निदान मुले येण्यापूर्वी तो माणसे झोपत नाहीत अशा खोलीत हलवावा.

सासूबाईंचे म्हणणे मी हलके मानत नाही. उंदीर उन्हात दिवसभर तडफडत ठेवण्यापेक्षा पटकन मारलेला बरा, या त्यांच्या बोलण्यात दया आहे. पण बुडवणे हे पटकन मरण नव्हे. उंदीर उत्तम पोहतो, पिंजऱ्यासकट बुडवला तरी श्वास कोंडून झगडत मरतो, आणि पशुवैद्यकशास्त्र या पद्धतीला वेदनारहित मरण मानत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या दृष्टीने उंदीरही प्राणीच आहे आणि त्याला विनाकारण यातना देणे हा गुन्हा आहे. चिकट पुठ्ठ्यांचा पर्याय कोणी सुचवला तर तोही नाकारा. त्यावर चिकटलेला उंदीर कातडी सोलवटत तासन्‌तास जिवंत राहतो, चिमण्या आणि पालीही त्यावर सापडतात, आणि अनेक राज्यांनी त्यांच्या वापरावर बंदी घातली आहे. मारण्याचीच वेळ आली, म्हणजे उंदरांचा उपद्रव फार वाढला आणि पिंजऱ्याकडे दोनदा पाहणे घरातल्या कोणालाच शक्य नसेल, तर मजबूत, एका फटक्यात मान मोडणारा सापळा हा दुर्लक्षित पिंजऱ्यापेक्षा कमी यातनेचा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. तो मात्र मुलांच्या आणि मांजराच्या हाताबाहेर, अरुंद तोंडाच्या खोक्यात ठेवूनच लावावा.

आखाजीला अजून वेळ असेल तर क्रम असा ठेवा. आधी पऱ्हाट्या हलवा, मग रात्री पिंजरा लावून आतले उंदीर बाहेर काढा, दोन-तीन रात्री आमिष तसेच राहिले आणि नव्या लेंड्या दिसल्या नाहीत की शेवटची भोके बुजवा. आतले उंदीर बाहेर येण्यापूर्वी भोके बुजवली तर ते भिंतीत मरतात आणि पाहुणे येईपर्यंत घर वासाने भरते. मुले येतील त्या दिवशी दोन्ही पिंजरे धुऊन, दार बंद करून माळ्यावर ठेवून द्या.